निकालपत्रातले अलंकार

फराळाच्या ताटाशेजारी न्यायालयाचे निकालपत्र ठेवणे कोणालाही विचित्रच वाटेल. पण निकालपत्र हेही शेवटी गद्यच. आणि गद्य म्हटले की त्यातील अलंकारांची पारख करण्याचा अधिकार वाचकाला आहेच. मी निवडले आहे ते सर्वोच्च न्यायालयाचे २८ एप्रिल १९७६ चे, जबलपूरच्या खटल्यातील निकालपत्र.

त्याचा विषय घरगुती म्हणावा इतका सोपा आहे. घरातले माणूस पोलिसांनी उचलून नेले, तर घरच्यांनी कोणाच्या दारी जावे? घटना सांगते, उच्च वा सर्वोच्च न्यायालयात जावे आणि देहोपस्थितीचा आदेश मागावा. वकील मंडळी त्यालाच हेबिअस कॉर्पस म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की माणूस समोर आणा आणि त्याला कोणत्या कायद्याने डांबले ते सांगा. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, आणि जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी दाद मागणेच स्थगित झाले. तरीही अनेक उच्च न्यायालयांनी, मुंबईच्या नागपूर खंडपीठानेसुद्धा, दार उघडे ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघा न्यायमूर्तींनी ते लावून घेतले.

कसे लावले, ते भाषेत पाहावे. न्यायमूर्ती बेग यांना स्थानबद्धांची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ आईच्या मायेसारखी वाटली. उपमा गोड खरी. पण आई लेकराला कुलपात ठेवून कारण सांगण्याचे नाकारीत नाही. कैद्यांना उद्या उपाशी ठेवले, गोळ्या घातल्या तर काय, अशी भीती वकिलांनी व्यक्त केली होती. त्यावर आपले पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी, असे कधीच घडणार नाही अशी हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखी कठीण आशा प्रकट केली. वाक्य डौलदार आहे. परंतु घरचे लोक न्यायालयात आशा मागावयास गेले नव्हते. ते उपाय मागावयास गेले होते. जेथे उपाय संपला, नेमका तेथे अलंकार आला.

पाचवे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. सुनावणीत त्यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तर काही उपाय आहे काय? उत्तर आले, आणीबाणी असेपर्यंत नाही. खन्नांचे भिन्नमत याच प्रश्नाच्या सरळपणाने लिहिलेले आहे. जीविताचा हक्क काही एका अनुच्छेदाने जन्माला घातलेला नाही. घटना नव्हती तेव्हाही कायद्यावाचून कोणाचा जीव वा स्वातंत्र्य घेता येत नव्हते, हे त्यांचे म्हणणे. शेवटी ते एका अमेरिकन न्यायमूर्तींचे भारदस्त वचन उसने घेतात. मला ते अनावश्यक वाटते. त्यांच्या प्रसादगुणाला त्या आधाराची गरज नव्हती.

या साधेपणाची किंमत त्यांनी मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीच्याही आवाक्याबाहेर ठेवला. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरविला. त्यातील प्रमुख निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र धनंजय यांनी लिहिले आहे.

मात्र खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याची मुभा घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आजही आहे. म्हणून म्हणतो, वाचकहो, तुरुंगाविषयी कोणी सुंदर लिहू लागले, की देहोपस्थितीचा तो जुना रोकडा प्रश्न आधी विचारावा: माणूस कोठे आहे, आणि कोणत्या कायद्याने?