‘झुंड’ आणि चेंडूविना खेळण्याची विद्या

नागपुरातील झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविणारे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट आधारलेला आहे. भर पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडीत धावणाऱ्या मुलांच्या दृश्यातील चैतन्य निर्विवाद होय. तथापि प्रशिक्षणाचे चित्रण या दृष्टीने पाहता त्यात एक उणीव जाणवते.

आघाडीच्या खेळाडूचे कौशल्य केवळ गोल करण्यात नसते. बचावपटूला आपल्यामागे ओढून सहकाऱ्यास वाट मोकळी करणे, त्याची नजर चेंडूकडे वळताच रिकाम्या जागेत शिरणे, हा चेंडूविना खेळ परिश्रमपूर्वक शिकवावा लागतो. बारसे यांच्या संस्थेचे खेळाडू ज्यात उतरले, त्या बेघरांच्या विश्वचषकात तर एका बाजूस चारच खेळाडू आणि मैदान अवघे २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. तेथे मोकळी जागा सापडत नाही, ती निर्माण करावी लागते.

चित्रपटाचा कॅमेरा मात्र बहुधा चेंडूमागेच धावतो. परिणामी मुलांचे यश उपजत गुणांचे फळ भासते व गुरूने दिलेली विद्या पडद्याआड राहते. ज्यांना शिकण्याची संधीच नाकारली गेली, त्यांच्या कथेत ही उणीव किरकोळ मानता येत नाही.