गीता-प्रवचनांतील भूमिती

मराठी गद्याचा विचार करताना आपण विनोबांचे नाव आदराने घेतो आणि पुढे जातो. त्यांची ‘गीता-प्रवचने’ घरोघरी आहेत, पण त्यांचे स्थान देवघरात. वाङ्मयचर्चेत त्यांना क्वचितच बोलावणे येते. दृष्टांताचा विषय निघाला की आमचे बोट ज्ञानेश्वरीकडे वळते, आणि ते वळावे हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे दृष्टांत म्हटला की तो रसाळ, रंगगंधाने भरलेला आणि एकामागून एक लाटांसारखा येणारा असावयाचा, अशी आमची समजूत होऊन बसली आहे. या समजुतीत न बसणारा एक दृष्टांत गीता-प्रवचनांच्या पाचव्या अध्यायात आहे. त्याला रंग नाही, गंध नाही. तो फळ्यावर काढलेल्या त्रिकोणाचा दृष्टांत आहे.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे ही अठरा प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 20 मार्चच्या प्रवचनात विनोबांपुढे एक अवघड काम होते. सर्व काही करून काहीच न करणारा योगी आणि काहीच न करता सर्व काही करणारा संन्यासी, अशा दोन अवस्था श्रोत्यांना समजावून द्यावयाच्या होत्या. दोन्ही शब्दांपलीकडच्या. येथे दुसरा एखादा प्रवचनकार सागर, आकाश, दीप यांना हाक मारता. विनोबा भूमितीच्या तासाला जाऊन बसतात.

शिक्षक फळ्यावर आकृती काढतो आणि म्हणतो, समजा, हा एक त्रिकोण आहे. आता ‘समजा’ कशाला? त्रिकोण तर समोर दिसतो आहे! पण रेषेची व्याख्याच अशी की तिला लांबी असते, रुंदी नसते. खडूच्या रेघेला रुंदी असल्यावाचून ती दिसणारच नाही. म्हणजे जी दिसते ती रेषा नव्हे, आणि जी रेषा आहे ती दिसत नाही. म्हणून ‘समजा’ म्हणावे लागते. विनोबा हीच गोष्ट पूर्ण संन्यासी आणि पूर्ण योगी यांना लावतात. हे दोघे व्याख्येतच राहणारे. देहात पूर्णपणे मावणारे नव्हेत. तरीही शुकासारखा, जनकासारखा कोणी त्या कल्पनेच्या फार जवळ गेलेला घ्यावा आणि भूमितीप्रमाणेच म्हणावे की हा पूर्ण संन्यासी समजा, हा पूर्ण योगी समजा.

या दृष्टांताची थोरवी आमच्या मते येथे आहे. उपमेत उपमान उपमेयाहून सुंदर असते आणि त्याचे सौंदर्य उपमेयावर सांडते. येथे उपमान मुद्दामच उणे घेतले आहे. खडूची रेघ जाड आहे, थोडी वाकडीही असेल, आणि ती तशी आहे हे शिक्षक लपवीत नाही. त्या उणेपणाच्या कबुलीवरच सारा विचार उभा राहतो. शुक-जनकांना या रीतीने खडूच्या रेघेच्या पंक्तीस बसविल्याने त्यांचे महत्त्व कमी होत नाही; उलट आपल्यासारख्या जाड्याभरड्या माणसांचा त्यांच्याशी काही संबंध जुळतो. त्यांच्यात आणि आपल्यात फरक राहिला तो रेघेच्या जाडीचा. पूर्णतेचा इतका कठोर विचार आणि अपूर्णतेविषयी इतकी कणव एकाच कोरड्या आकृतीतून निघावी, हे आम्हास साध्या अलंकाराचे काम वाटत नाही.

विनोबांची बुद्धी मुळातच गणिताची. आमच्या सुरतेशी त्यांचा पहिला संबंध एका गाडीबदलापुरता आहे. 1916 च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते बडोद्याहून मुंबईस निघाले, मध्येच सुरतेस उतरले आणि दुसऱ्या गाडीने काशीस गेले. ज्या स्थानकावर आज रोज हजारो खानदेशी माणसे कामासाठी चढतात-उतरतात, तेथेच हा एक परीक्षार्थी परीक्षा सोडून निघून गेला. (परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण मुख्याध्यापकाने द्यावे की नाही, हा प्रश्न वाचकांनी आम्हास विचारू नये.)

हा दृष्टांत आम्हास उशिराच उमगला, हे सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही सातवीस भूमिती शिकवीत असू. रेषेची व्याख्या सांगून आम्ही फळ्यावर रेघ ओढली. मागील बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मागावर कामाला होते. तो म्हणाला, “सर, धागा कितीही बारीक असला तरी त्याला जाडी असतेच. मग तुम्ही काढली ती रेषा कशी?” आम्ही त्याला खाली बसविले आणि व्याख्या पाच वेळा लिहावयास सांगितली. त्याने ती लिहिली, अक्षर चांगले होते. पुन्हा त्याने भूमितीच्या तासाला प्रश्न विचारला नाही. ज्या ठिकाणी विनोबा थांबले आणि ज्यातून त्यांनी एक अध्याय उलगडला, नेमक्या त्याच ठिकाणी तो मुलगा येऊन पोहोचला होता. आणि आम्ही ‘समजा’ हा शब्द तोंडाने उच्चारीत असूनही तो आम्हासच समजलेला नव्हता.

दहाव्या अध्यायातही आकृतीचा असाच उपयोग आहे, तो भूमितीचा नव्हे, अक्षरांचा. मुलाला प्रथम मोठे अक्षर काढून दाखवितात, मग तेच लहान करतात. आधी सुटी अक्षरे, नंतर जोडाक्षरे. त्याप्रमाणे परमेश्वरही आधी ठळक आणि सोप्या ठिकाणी वाचावयास शिकावे. राम हे सोपे अक्षर, रावण हे जोडाक्षर. हा दृष्टांत अधिक लोकप्रिय आहे, गोडही आहे. पण त्रिकोणाइतका तो खोल जात नाही. जोडाक्षर अखेर वाचता येते. रुंदी नसलेली रेषा कधीच काढता येत नाही.

आता आमचा मतभेद. पाचव्या अध्यायात विनोबा त्रिकोणाशेजारीच शाळिग्राम ठेवतात. भूमिती जाड रेघेला रुंदीहीन समजावयास सांगते, तसेच भक्तिशास्त्र एवढ्याशा गोट्यात विश्वाचा स्वामी समजावयास सांगते. पहिले वेडेपण नसेल तर दुसरे तरी का म्हणावे? युक्तिवाद म्हणून हे बिनतोड वाटते, परंतु येथे दोन भिन्न प्रकारच्या आकृती एका ओळीत बसविल्या गेल्या आहेत असे आम्हास वाटते. फळ्यावरचा त्रिकोण सिद्धता संपताच पुसला जातो आणि त्याचे कोणास दुःख होत नाही. किंबहुना तो पुसता यावा, हाच त्याचा गुण. कोणत्याही वर्गात, कोणत्याही खडूने तो पुन्हा काढता येतो आणि निष्कर्ष तोच निघतो. शाळिग्राम हरवला तर घर सुतकात पडते.

सुरतेच्या दक्षिणेस, उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात, वारली सुवासिनी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तेथेही आकृती अगदी साध्या: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाशी टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो. पण त्या भिंतीपुढे कोणी ‘हा चौक समजा’ असे म्हणत नाही. चौकात पालघाट देवी आहे, आणि ती असल्यावाचून लग्न लागत नाही. हा आकार विचाराचे साधन नव्हे, तो वस्तीचे ठिकाण आहे. शाळिग्राम या बाजूचा आहे. साधी आकृती मनाला दोन वेगळ्या कामी येते: एकीत मन तिच्यावर पाय देऊन पलीकडे जाते, दुसरीत मन तिच्यापाशी येऊन राहते. विनोबांच्या तर्कशुद्ध मनाला पहिली वाट परिचयाची, म्हणून दुसरीलाही त्यांनी तीच वाट दाखविली. भक्ताचा ‘समजा’ कालांतराने गळून पडतो आणि केवळ ‘आहे’ उरतो. भूमितीत तसे झाले तर ती भूमितीच उरणार नाही.

हा दोष दाखविताना आमच्या मनात एक शंका येते. हे प्रवचन टिपणारा हात साने गुरुजींचा होता, आणि आकृतीपाशी राहणे म्हणजे काय हे त्या हाताला पुरते ठाऊक होते. त्रिकोणावरून शाळिग्रामावर येताना लेखणी कोठेही अडखळलेली दिसत नाही. अमळनेरच्या वर्गात शिकविलेल्या त्या शिक्षकाला कदाचित हा सांधा जाणवलाच नसेल, किंवा जाणवूनही तो दाखविणे त्याला उचित वाटले नसेल. आम्ही तो परिच्छेद वर्गात वाचतो तेव्हा त्या ठिकाणी थांबतो आणि मागील बाकांकडे पाहतो.