पडद्याचे रेकॉर्डिंग, एआय एजंट आणि जुन्या संगणकाचे दोषनिदान : एक चिकित्सा

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी चालते संगणक त्या दिवसापासून ‘जुने’ ठरले. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, वसतिगृहांत आणि घरांत ते आजही वापरात आहेत. ते अडले की दुरुस्तीचा पहिला प्रयत्न बहुधा विद्यार्थीच करतात. त्यासाठी आता एक सोपी वाट उपलब्ध आहे: बिघाड होत असताना पडद्याचे रेकॉर्डिंग करायचे, ते एआय एजंटला द्यायचे आणि कारण विचारायचे. ही पद्धत कुठे उपयोगी पडते आणि कुठे घात करते, हे या पाठात तपासू.

पद्धतीचे स्वरूप

ही कल्पना अगदी नवी नाही. विंडोज ७ मध्ये ‘प्रॉब्लेम स्टेप्स रेकॉर्डर’ नावाची सोय होती. वापरकर्त्याच्या प्रत्येक क्लिकबरोबर ती पडद्याचे चित्र टिपत असे आणि सोबत त्या कृतीची नोंद लिहीत असे. तो अहवाल वाचणारा मात्र माणूस होता. आता वाचन मॉडेल करते. एजंट व्हिडिओतून चित्रे घेतो, त्यांतील मजकूर वाचतो, घटनांचा क्रम लावतो आणि परवानगी असेल तर संगणकावर आज्ञाही चालवतो.

बलस्थाने

‘कॉम्प्युटर नीट चालत नाही’ या तक्रारीतून काहीच कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये घटनांचा क्रम दिसतो, आणि आपले लक्ष जिथे नसते तो कोपराही दिसतो. उदाहरणार्थ, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणतो. वापरकर्ता वायफायला दोष देतो. त्याच चित्रात खाली उजवीकडे तारीख मात्र कित्येक वर्षे मागची असते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडली जाते. त्यामुळे तारीख चुकली की वैध प्रमाणपत्रही नाकारले जाते. मूळ कारण बहुधा मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असणे हे असते. एजंट या दोन गोष्टींचा संबंध लावू शकतो. हा निष्कर्ष पडताळताही येतो: तारीख दुरुस्त करा, संगणक बंद करून रात्रभर प्लग काढून ठेवा आणि सकाळी तारीख पाहा.

पहिली मर्यादा : सुटणारी चित्रे

मॉडेल बहुधा संपूर्ण व्हिडिओ पाहत नाही. गुगलच्या जेमिनीमध्ये मूळ मांडणीनुसार दर सेकंदाला एकच चित्र घेतले जाते. रेकॉर्डिंग सेकंदाला ३० चित्रांचे असेल, तर २९ चित्रे सुटतात. अर्ध्या सेकंदात उमटून गेलेला त्रुटीसंदेश नेमका त्यांतच असू शकतो. म्हणून महत्त्वाचा भाग कापून, त्याची गती कमी करून द्यावा, किंवा त्या क्षणाचे स्वतंत्र चित्र द्यावे.

दुसरी मर्यादा : रेकॉर्डिंगचाच भार

इंटेलच्या प्रोसेसरांत व्हिडिओ संकेतनासाठी ‘क्विक सिंक’ हा स्वतंत्र भाग २०११ पासून आला. कोअर २ ड्युओसारख्या त्याआधीच्या प्रोसेसरांत हे काम मुख्यतः प्रोसेसरलाच करावे लागते. शिवाय फाइल त्याच मंद डिस्कवर लिहिली जाते. म्हणजे चित्रात दिसणाऱ्या संथपणाचा काही भाग मोजमापानेच निर्माण केलेला असतो. यापेक्षा मोबाइलने पडद्याचे चित्रण करणे बरे. त्यात विंडोज सुरू होण्यापूर्वीचे संदेश, बायोसचे बीप आणि डिस्कची टकटकही नोंदली जाते. पडद्याचे रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रोग्रॅमला यातले काहीच मिळत नाही.

तिसरी मर्यादा : एक चित्र, अनेक कारणे

ही सर्वांत गंभीर मर्यादा आहे. समजा, तबकड्यांची हार्ड डिस्क असलेल्या विंडोज १० च्या संगणकावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यस्त दिसते. या लक्षणावर इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे शोध-अनुक्रमणिका आणि ‘सिसमेन’ सेवा बंद करा. अशाच मजकुरावर शिकलेले मॉडेल तोच सल्ला देण्याची शक्यता मोठी. पण त्याच खिडकीत वाचनाचा वेग काही शे किलोबाइट आणि प्रतिसादाचा कालावधी हजारो मिलिसेकंद दिसत असेल, तर डिस्क व्यस्त आहे पण तिच्याकडून काम होत नाही. याचे कारण खराब होत चाललेली डिस्क असू शकते किंवा साटा केबल सैल झालेली असू शकते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

निर्णय पडद्यामागच्या नोंदींतून होतो. डिस्कच्या ‘स्मार्ट’ माहितीत बदललेले आणि प्रलंबित सेक्टर वाढत आहेत का? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कची ७ क्रमांकाची, म्हणजे खराब ब्लॉकची, नोंद आहे का? असेल तर पहिले काम महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवणे हेच. अशा वेळी एजंटने चेकडिस्कची संपूर्ण पृष्ठभाग तपासणारी आज्ञा चालवली, तर मरणपंथाला लागलेली डिस्क त्या ताणानेच कायमची बंद पडू शकते. वर्षभराचा प्रकल्प त्याच डिस्कवर असेल, तर चुकीच्या सल्ल्याची किंमत तो विद्यार्थी मोजतो.

संगणक अचानक बंद पडत असेल तर पुरावा आणखी तोकडा असतो. रेकॉर्डिंग मध्येच तुटते, एवढेच. पॉवर सप्लाय, रॅम, वाळलेली थर्मल पेस्ट, किंवा २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर हमखास आढळणारे फुगलेले कपॅसिटर, यांपैकी काहीही कारण असू शकते. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंदही संगणक रीतसर बंद झाला नाही इतकेच सांगते. इथे केस उघडून पाहण्याला पर्याय नाही.

खासगीपणा

रेकॉर्डिंगमध्ये बँकेचे संदेश, आधार क्रमांक आणि मित्रांची संभाषणेही येतात. दुसऱ्याच्या संगणकाचे चित्रण बाहेरच्या सेवेला देण्याआधी त्याची संमती घ्यावी आणि नको तो भाग कापावा. एजंटला माहिती वाचण्याच्या आज्ञा चालवू द्याव्यात. बदल करणारी प्रत्येक आज्ञा मात्र माणसाने पाहून मंजूर करावी.

निष्कर्ष

वैद्य आधी रुग्णाची हकीकत ऐकतो, मग नाडी पाहतो. एआय एजंट हकीकत उत्तम मांडतो. नाडी त्याच्या हाती नसते. त्याच्या उत्तराचा ठाम सूर हा पुरावा मानू नये. प्रत्येक वेळी त्याला तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या सेकंदाला नेमके काय दिसले? हेच चित्र आणखी कोणत्या कारणांनी दिसू शकते? त्या कारणांतून एक निवडण्यासाठी कोणती चाचणी करावी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर हाती आलेला तो फक्त अंदाज आहे. अंदाजावर डिस्कला हात लावू नये.

स्वाध्याय

१. संगणक मंद असल्याच्या तक्रारीत रेकॉर्डिंगचा भार वेगळा कसा ओळखाल?
२. ‘डिस्क १०० टक्के’ या लक्षणाची तीन संभाव्य कारणे आणि प्रत्येकासाठी एक चाचणी लिहा.
३. एजंटला कोणत्या आज्ञा विनापरवानगी चालवू द्याव्यात? कारणे द्या.