आपलं वेगळेपण आणि फारकत

इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाचा फेब्रुवारी 2025 मधला एक आदेश आमच्या नातेवाइकांत मोबाइलवर बराच फिरला. काहींनी त्याखाली हात जोडल्याची खूणही केली होती. एका जैन जोडप्याने परस्परसंमतीने घटस्फोट मागितला होता. न्यायालयाने सांगितलं की 27 जानेवारी 2014 च्या अधिसूचनेने जैन समाज अल्पसंख्याक ठरला, त्याची परंपरा वैदिक परंपरेहून वेगळी आहे, म्हणून हिंदू विवाह कायद्याखाली त्याला दाद मागता येणार नाही. 24 मार्चला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने हा आदेश रद्द केला आणि अर्ज गुणदोषांवर चालवायला परत पाठवला. बातमी तिथे संपली. पण हे दोन्ही निकाल नीट वाचायला हवेत, कारण त्यांत आपल्याबद्दल लिहिलं आहे.

पहिल्या आदेशाची अडचण अशी की त्याची भाषा आदराची आहे. जैन धर्माचं वेगळेपण तो मान्य करतो. वाचताना बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातच वाचणाऱ्याचं लक्ष सुटतं. जोडपं न्यायालयात सिद्धांत विचारायला गेलं नव्हतं, मोकळं व्हायला गेलं होतं. 1955 च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन आणि शीख ही नावं घालून लिहिली आहेत. ते धर्माने हिंदू आहेत असं त्यातून ठरत नाही. हा कायदा त्यांना लागू आहे एवढंच ठरतं. या दोन गोष्टींतला फरक एखाद्या पाठशाळेतल्या मुलालाही समजावता येईल. अल्पसंख्याक दर्जा 1992 च्या वेगळ्या कायद्याखाली मिळाला. उच्च न्यायालयाने नेमकं तेच म्हटलं: अधिसूचनेने दुसऱ्या कायद्यातली स्पष्ट तरतूद बदलत नाही. शंका होतीच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 113 खाली प्रश्न वर पाठवता आला असता. अर्जच फेटाळायचं कारण नव्हतं.

शिवाय त्या आदेशात सुचवलेला पर्याय बघा. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 7 खाली या, असं त्यात होतं. कलम 7 कुठलं न्यायालय ऐकेल ते सांगतं. घटस्फोट कोणत्या कारणाने मिळेल, पोटगी कशी ठरेल, हे त्यात नाही. म्हणजे बाईने जायचं कुठे ते कळलं, मागायचं काय ते नाही.

हात जोडणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. जैनांचं वेगळेपण न्यायालयात याआधीही गेलं आहे. 1878 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जैन रूढी मान्य करून निपुत्रिक विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पूर्ण हक्क दिला, त्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेण्याची मुभाही दिली. चंपतराय जैन या बॅरिस्टरांचं ‘जैन लॉ’ 1926 चं. तिथे वेगळेपणाने बाईच्या पदरात काही पडलं होतं. इंदूरच्या आदेशात वेगळेपण तिच्या हातातलं काढून घेत होतं. अभिमान कशाचा धरायचा, हे बघून धरावं.

धार आणि देवास इथली माणसं इंदूर खंडपीठाखालीच येतात. धारहून इंदूर साठेक किलोमीटर, देवासहून पस्तीसेक. अंतर काही फार नाही, पण ज्या घरात ‘समाजाचे चार लोक बसून मिटवतील’ असं आधी सांगितलं जातं, तिथल्या बाईला ते फार असतं. देवासच्या माझ्या मामेबहिणीला दोन वर्षं हेच ऐकवलं गेलं. चार लोक बसले, चहा झाला, तिला ‘समजूतदार हो’ म्हणून सांगितलं. कागद एकही झाला नाही. वकिलाकडे गेली तर तिथला शब्द ‘राजीनामा’. ती पुण्याकडे वाढलेली. तिला वाटलं नोकरी सोडायला सांगताहेत! माळव्याच्या कोर्टात राजीनामा म्हणजे तडजोड. तारखेला पेशी म्हणतात, पोटगीला भरण-पोषण. शब्दच कळले नाहीत तर सही कशावर करतोय ते कसं कळणार?

देवासचं नाव निघालं की ई. एम. फॉर्स्टर निघतोच. 1921 मध्ये तो थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस होता, आणि 1953 च्या ‘द हिल ऑफ देवी’त त्याने त्यांचं प्रेमाने चित्र काढलं. चित्र छान आहे. पण राणी अक्कासाहेब, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या, देवास सोडून माहेरी गेल्या त्या परतल्या नाहीत, ही गोष्ट त्यात महाराजांच्या दुःखाच्या बाजूने येते. त्यांचं काय म्हणणं होतं? पुस्तकात ते शोधत बसू नका. स्त्रियांना क्रूर वागवण्याविरुद्ध 1919 मध्ये कायदा करणाऱ्या राजाची ही लेक, आणि तिच्यापाशी माहेराशिवाय दुसरा उपाय नव्हता. ज्यांना असं माहेर नाही त्यांच्यासाठीच तर कायदा लागतो.

आणि तो आज बऱ्यापैकी आहे, हे आमच्या बायकांना सांगत नाही कुणी. 2003 पासून बायको स्वतः राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते. सासर नागपूरचं असलं तरी धारमध्ये. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, फोन 15100. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, आणि दोघांनी आपल्या मिळकतीचं शपथपत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितलं आहे. म्हणून चार लोकांची बैठक चालू असली तरी अर्ज आधी करून ठेवावा.

त्या जोडप्याने अपील केलं म्हणून आदेश फिरला. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपिलाची मुदत 30 दिवस. मामेबहिणीला हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, ‘तीस दिवस कधीपासून धरायचे गं, निकालाच्या दिवसापासून ना?’ मी हो म्हटलं, आणि निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज टाकायला सांगितलं.