लंडनचे धुके आणि मृत्युगणनेची सीमा

प्रदूषणापासून मानवी आरोग्यास पोहोचणाऱ्या धोक्याचे मोजमाप करणाऱ्या लेखनात ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाच्या १९५४ च्या अहवालाचे स्थान मोठे आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ ह्या पाच दिवसांत थंड व निश्चल हवेमुळे कोळशाचा धूर लंडनवर कोंडून राहिला. त्या सुमाराच्या मृत्यूंची नित्याच्या संख्येशी तुलना करून सुमारे ४,००० मृत्यू अधिक झाले, असा निष्कर्ष अहवालाने काढला. धूर व सल्फर डायऑक्साइड ह्यांच्या प्रमाणाबरोबर मृत्यूंचा आलेखही चढतो, हे दाखवून देणे ही त्याची खरी कामगिरी होय.

परंतु धुके ओसरल्यावरही मृत्यूंचे प्रमाण पूर्ववत झाले नाही. १९५३ च्या प्रारंभी ते चढेच राहिले. हे मृत्यू अहवालाने इन्फ्लुएन्झाच्या खात्यावर टाकले. २००१ मध्ये मिशेल बेल व डेव्हरा डेव्हिस ह्यांनी त्या काळाची पुन्हा छाननी केली. डिसेंबर ते फेब्रुवारी असा अवधी धरल्यास संख्या सुमारे १२,००० वर जाते, आणि त्यांतील बहुतेक मृत्यू इन्फ्लुएन्झाने घडावयाचे तर ती साथ असाधारण तीव्र असावी लागेल, असे त्यांनी दाखविले.

ह्यावरून पहिली संख्या खोटी व दुसरी खरी मानणे घाईचे होईल. धुराने दुबळी झालेली फुप्फुसे साथीला लवकर बळी पडत असतील, तर अशा मृत्यूचे कारण एकच मानणे सयुक्तिक नाही. खरा दोष निराळा आहे. अवधीची सीमा कोठे आखावी हा एक निवाडा होता. पुढे आकडा तेवढा प्रचलित झाला आणि निवाडा विसरला गेला.

चार हजारांच्या आकड्यानंतरही १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झालाच, तेव्हा ह्या उणिवेला महत्त्व काय, असे कोणी विचारील. परंतु आजची मूल्यमापने कायद्याची आवश्यकता सिद्ध करून थांबत नाहीत. प्रदूषणाची मर्यादा किती असावी हेही त्यांच्या आधारे ठरते. परिणामाचा अवधी आखूड धरला, की धोका लहान दिसतो व मर्यादा सैल राहते. म्हणून अभ्यासकाने संख्येबरोबर आपली सीमाही सांगितली पाहिजे, आणि ती हलविली असता संख्या किती हलते, हेही.