कोळशाची साक्ष

डी. पी. अग्रवाल व शीला कुसुमगर यांचा भारतीय प्रागैतिहासिक कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. प्राचीन स्थळांच्या कोळशावरून काढलेलीं वयें त्यांत एकत्र मिळतात, आणि या ग्रंथाचें महत्त्व आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार आहे ती अशा आंकड्यांचा पुढें जो सैल वापर झाला त्याविषयीं.

सजीव वस्तु मेल्यावर तिच्यांतील किरणोत्सर्गी कर्ब सुमारें ५७३० वर्षांनीं निम्मा उरतो, हें तत्त्व सोपें आहे. परंतु हवेंतील या कर्बाचें प्रमाण सर्व काळीं सारखें नव्हतें. म्हणून मोजलेलें वय वृक्षवलयांवरून आंखलेल्या वक्राशीं ताडून पहावें लागतें. दुर्दैवानें हा वक्र इ. स. पू. ८०० ते ४०० या काळांत जवळजवळ सपाट आहे, आणि विदर्भांतील शिलावर्तुळें व नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी नेमकीं याच सुमारास पडतात! २४५० वर्षें, चाळीस पुढेंमागें, असें वय आलेला कोळसा आठव्या शतकाचा असूं शकेल, तसाच पांचव्याचाही. तरीही कित्येक लेखक जन्मनोंदीचा दाखला पाहिल्याप्रमाणें ‘सातवें शतक’ असें लिहून मोकळे होतात.

दुसरा दोष लांकडाचा. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानांत ज्यांनीं जुना साग पाहिला आहे, त्यांस तो सहज कळेल. अशा सागाच्या गाभ्याचा कोळसा ती वलयें वाढलीं तेव्हांचा काळ सांगतो, चूल पेटली तेव्हांचा नव्हे. भाताचा दाणा मात्र एकाच हंगामाचा. गोंदियासारख्या भाताच्या जिल्ह्यांत उत्खनन करणारांनीं जळलेले दाणे आधीं वेंचावे, आणि एकावर एक असलेल्या थरांतून अनेक नमुने घ्यावे. खालचा थर आधींचा, एवढ्या ज्ञानानेंही संशयाची मर्यादा पुष्कळ आंखडते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. १९९९ पर्यंत गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्यांत मोडत असे, त्यांतील पवनीस बौद्ध स्तूप सांपडले आहेत. शिलावर्तुळें रचणारे लोक स्तूपांपूर्वींच लोपले, कीं कांहीं पिढ्या दोघे शेजारीं नांदले? वैनगंगेच्या खोऱ्याचा इतिहास या उत्तरावर अवलंबून आहे. तें मिळेपर्यंत शतकाऐवजीं ‘८०० ते ४०० च्या दरम्यान’ असें लिहिण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.