सदोष यमक : कोणाच्या कानाला?

एखाद्या कवितेतील सदोष यमकावर बोट ठेवताना समीक्षक कोणत्या कानाने ऐकत असतो? यमकाचा निर्णय उच्चारावर अवलंबून असतो आणि उच्चार प्रदेश, वर्ग व काळ यांनुसार बदलतो. त्यामुळे यमकदोषाचे विधान वरवर छंदशास्त्रीय दिसले, तरी त्यात एका विशिष्ट उच्चाराचे प्रामाण्य गृहीत धरलेले असते.

जॉन कीट्सचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या ह्या कवीने ‘थॉट्स’ आणि ‘सॉर्ट्‌स’, ‘फॉन्स’ आणि ‘थॉर्न्स’ अशी यमके जुळवली. १८१८ साली एडिंबरोच्या ‘ब्लॅकवुड्स’ मासिकाने ‘कॉकनी’ यमकांचा अनुयायी म्हणून त्याची हेटाळणी केली. स्कॉटलंडमध्ये स्वरानंतरचा ‘र’ स्पष्ट उच्चारला जाई. तेथील कानाला अशी यमके खटकणे स्वाभाविक होते. लंडनमध्ये मात्र हा ‘र’ क्षीण झाल्याची नोंद जॉन वॉकरने १७९१ च्या उच्चारकोशातच केली होती. कीट्सच्या कानाला त्याचे यमक पूर्णच होते. पुढे १९१७ मध्ये डॅनियल जोन्सने पब्लिक स्कूलांत शिकलेल्या वर्गाचा उच्चार कोशबद्ध केला, तेव्हा त्यातही हा ‘र’ नव्हता. ज्या उच्चारावर ग्राम्यतेचा शिक्का बसला होता, तोच शतकभरात प्रतिष्ठित ठरला. ‘र’ जपणारे नैर्ऋत्य इंग्लंड मात्र खेडवळ गणले गेले. ध्वनी तोच होता; बदलली ती बोलणाऱ्यांची सामाजिक जागा.

लीड्सच्या कामगारवस्तीतून आलेल्या टोनी हॅरिसनने ‘देम अँड अझ’ ह्या कवितेत नेमके हेच दुखणे मांडले आहे. वर्गात कीट्स म्हणणाऱ्या मुलाला त्याच्या यॉर्कशरी उच्चारापायी शिक्षक अडवतात. त्याच कवितेत हॅरिसन वर्ड्‌सवर्थच्या ‘मॅटर’ आणि ‘वॉटर’ ह्या यमकाची आठवण देतो. उत्तरेकडील उच्चारात ते निर्दोष आहे, आणि वर्ड्‌सवर्थच्या बोलण्यातील उत्तरी वळण हॅझलिटने १८२३ च्या आठवणीत नोंदवून ठेवले आहे.

अर्थात प्रत्येक विजोड यमकामागे बोली शोधणे अतिरेकाचे ठरेल. ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ हे यमक उच्चार बदलल्यानंतरही निव्वळ काव्यसंकेत म्हणून टिकले. म्हणून यमक हा एकटा पुरावा पुरेसा नाही. वॉकर वा हॅझलिट यांच्यासारखी समकालीन साक्ष त्याला जोडावी लागते.

आपल्याकडील इंग्रजीच्या अध्यापनात हा विवेक विशेष आवश्यक आहे. जोन्सच्या परंपरेतील कोश प्रमाण मानून आपण वर्ड्‌सवर्थचे यमक ‘दृष्टियमक’ म्हणून सहज निकालात काढतो. पण तो प्रमाण उच्चारही स्थिर राहिलेला नाही. राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या नाताळच्या भाषणांतील स्वर १९५० च्या आणि १९८० च्या दशकांच्या दरम्यान सर्वसाधारण दक्षिणी इंग्रजीकडे सरकल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिविश्लेषणाने दाखवले. जो मापदंड खुद्द राजवाड्यात टिकला नाही, त्याने दोनशे वर्षांपूर्वीच्या कवीचा कान जोखणे ही ऐतिहासिक चूक आहे. यमकाला दोष देण्यापूर्वी ते कोणाच्या तोंडी जुळत होते, हे विचारणे समीक्षकाचे पहिले काम होय.